लोकरीला विटाळ नाही

"बोटं फाकवा," डॉक्टर म्हणाले.

आम्ही पाचजणींनी हात पुढं केले. बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम होतं ते. त्याच्या पत्र्याखाली, पागोळ्यांपासून अंग चोरून आम्ही ओळीनं उभ्या होतो. डॉक्टर मुळे तालुक्याहून दर सोमवारी सायकल मारत यायचे. बायकांच्या हाताला हात लावायला नको म्हणून ते पेन्सिलीच्या टोकानं एकेक बेचकी उघडून बघायचे. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना फार शोधावं लागलं नाही. बोटांच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या अंगाला तांबडे पुरळ होते आणि खाजवून खाजवून त्यांची सालं निघाली होती.

"पुन्हा आली," ते म्हणाले. "सगळ्या छावणीला एका दिवशी गंधकाचं मलम फासलं. सगळे कपडे एका दिवशी उकळले. लोक बरे व्हायला लागले होते. आणि आता खरूज पुन्हा उठली ती पहिल्यांदा तुमच्याच हातांवर. स्वयंपाकघरातल्या बायकांच्या. असं का व्हावं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

"ह्या बाई कधीच काही बोलत नाहीत."

"सून आहे माझी," शेजारून आत्याबाई म्हणाल्या. "चातुर्मासाचं मौन धरलंय तिनं. दुपारचं जेवण होईपर्यंत बोलायची नाही."

"खाज सुटली तरी?"

"खाजवायला तोंड लागत नाही, डॉक्टर."

डॉक्टर हसले. त्या पावसाळ्यात कुणी हसलेलं ऐकलं की जरा चुकल्यासारखं वाटायचं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आमच्याकडं तशीच पद्धत होती. ते रझाकारांचं वर्ष. आमचं कोळवाडी गाव निजामाच्या हद्दीत. गावाची एक बाजू जळाली तेव्हा आम्ही निघालो ते नदी उतरून, माळ तुडवत ह्या अलीकडच्या मुलखात आलो. सासरे वाटेतच गेले, दम्यानं. आमचे हे हद्दीवरच्या तुकडीत होते. बंदूक घेऊन की नुसतेच निरोप पोचवायला, ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं. यांच्यासाठीच मी आषाढी एकादशीला मौन धरलं होतं. स्नान झालं की तोंड मिटायचं, ते जेवणाचा शेवटचा घास घेतल्यावरच उघडायचं. एकोणीस वर्षांच्या बाईजवळ देवाला द्यायला दुसरं काय असणार?

"हे बघा," डॉक्टर पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "हा किडा डोळ्यांना दिसत नाही. कातडीत बीळ करून राहतो. अंगाला अंग लागलं की इकडून तिकडं जातो आणि कापडात पडला तर तिथंही दोन-तीन दिवस तग धरतो. तुमच्यात कुठलं तरी एक कापड उकळत्या काहिलीत न जाता फिरतंय. एखादं पांघरूण, एखादं फडकं. आठवून बघा."

"सगळं दिलंय हो," गोपिकाकाकू म्हणाल्या. "अंगावरच्या चिंध्यासुद्धा दिल्या त्या परटिणीला. आता ती उकळते का नुसती बुचकळते, हे तिचं तिला ठाऊक."

सगळ्यांच्या माना लिंबाच्या झाडाकडं वळल्या. झाडाखाली तीन दगडांवर गुळाची जुनी काहील चढवलेली होती आणि भिवरा त्यात काठीनं कपडे ढवळत होती. पाठीशी पोर बांधलेली. आमच्याच गावची परटीण. तिचा नवरा दावणीचा बैल सोडायला म्हणून मागं वळला होता, तो अजून आलेला नव्हता.

डॉक्टर तिच्याकडं गेले. पोरीला पाठीवरून उतरवून घेतलं. छावणीत तिच्याइतकी कुणाचीच खरूज चिघळलेली नव्हती. तळहात, तळपाय, पोट, सगळीकडं पुवाचे फोड. अंगात कणकण.

"हिला ऊब पाहिजे," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, आम्हाला ऐकू जावं म्हणून. "पावसात हलवू नका. पुढच्या सोमवारी मी पोटात घ्यायचं औषध आणतो."

ते सायकलवर बसून गेले. गोपिकाकाकू पदरात हात गुंडाळून खाजवत म्हणाल्या, "बघितलंत ना? आधी कुणाला, जास्त कुणाला? घर तिथंच आहे खरजेचं."

*

गोपिकाकाकू खोटं बोलत नव्हत्या. आम्ही खरोखरच सगळे कपडे दिले होते. सोवळ्याची धाबळी कपड्यांत मोजायची असते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

छावणीत अठरापगड जातींची माणसं होती आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र व्हायचा. कारभारी व्यंकटराव हुशार माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं, रांधायचं ब्राह्मणांच्या बायकांनी, तेही सोवळ्यात. म्हणजे कुणाला कुणाच्या हातचं चालतं-नाही चालतं हा घोळ राहणार नाही. पण सोवळं आणायचं कुठून? सुती लुगडं धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळायला हवं. इथं पाऊस थांबत नव्हता आणि दोन हात मोकळी जागा नव्हती. आमच्यापैकी फक्त आत्याबाईंनी देवघरातली धाबळी आणली होती. पांढरी, जाड लोकरीची, काठाला तांबडी रेघ. लोकरीला विटाळ नाही. ती धुवावी लागत नाही, वाळवावी लागत नाही. पिढ्यान् पिढ्या तशीच पवित्र. ती उंच बांबूवर टाकलेली असायची. जिची रांधायची पाळी तिनं ओलेत्यानं यायचं, काठीनं धाबळी खाली घ्यायची, गुंडाळायची आणि चुलीपाशी बसायचं. दुपारी तिनं सोडली की संध्याकाळी दुसरीनं नेसायची.

मला कोडं सुटलं ते शहाणपणानं नाही, बाहेर बसल्यामुळं. त्या सोमवारच्या आधी महिन्याचे ते दिवस आले म्हणून मला पडवीच्या टोकाला एक गोणपाट देऊन बसवलं होतं. त्या टोकाला दुसरं कुणी नव्हतं. हातभर पलीकडं फक्त भिवरा आणि तिची पोर ठकी. कुणी त्यांच्याजवळ फिरकत नव्हतं, माझ्याजवळही नाही. मी भिवरानं उकळलेलंच लुगडं नेसले होते, तिनंच उकळलेलं पांघरत होते. ठकी रात्रभर किरकिरायची, भिवरा तिला मांडीवर हलवत "गप माझे बाय, गप" म्हणत राहायची. आणि त्या दिवसांत माझे हात सुकले. पुरळ वाळले, खपल्या धरल्या. भिवराच्या शेजारी राहून मी बरी होत गेले.

मग न्हाऊन आत आले. रांधायची पाळी माझी होती. धाबळी नेसले. तिसऱ्या दिवशी रात्री बेचक्यांत पुन्हा निखारे फुलल्यासारखं झालं.

*

डॉक्टर गेले त्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई माळ ओढत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून वाती वळत होते. चार जणींत मला बोलता आलं नसतं. आवाजच माझा तेवढा नाही.

"आत्याबाई, एक विचारू?"

"विचार की."

"आपण धाबळी नाही दिली उकळायला."

माळ थांबली. "धाबळी कोण देतं का परटिणीला?"

"डॉक्टर म्हणाले, एक कापड राहतंय. मी बाहेर होते तेव्हा बरी झाले. नेसले आणि पुन्हा आली. गोपिकाकाकूंचंही तसंच झालं. पाचजणींना जोडणारं दुसरं काय आहे?"

"लोकरीला विटाळ नाही, सुभद्रे."

"विटाळ नाही म्हणत मी. खरूज म्हणते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवत बसल्या. त्यांच्या मनगटावर सगळ्यात जुने डाग होते; छावणीत आलो त्याच आठवड्यातले. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"ती धाबळी आहे म्हणून ही माणसं एका पंक्तीला जेवायलीत," त्या म्हणाल्या. "ती काहिलीत गेली की संपलं. परटिणीच्या काहिलीतलं नेसून रांधलेलं कोण खाईल? दीडशे माणसं आहेत. ज्याची त्याची चूल होईल. धान्य आहे का तेवढं? सरपण आहे का?"

"मग भिवराचं काय? लोक तिला बोलायलेत."

"बोलू देत. बोलण्यानं फोड येत नाहीत."

"व्यंकटराव उद्या सकाळी सगळ्यांना बोलावणार आहेत. तिला नाल्यापलीकडं ठेवा म्हणतात."

आत्याबाईंचा हात पुन्हा मनगटावर गेला.

"उद्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. "जा, नीज. सकाळची पाळी तुझी आहे."

नाल्यापलीकडं जकातीची एक पडकी चौकी होती. ती निजामाच्या हद्दीत. मागल्या पंधरवड्यात तिथं एक गवळी सापडला होता, मुंडकं नसलेला.

*

सकाळी मी आंघोळ करून ओलेत्यानं आले तेव्हा माणसं लिंबाभोवती गोळा झालेली होती. पाऊस भुरभुरत होता. व्यंकटराव कापसाच्या फाटक्या गाठीवर बसले होते. काही बायकांनी कपड्यांची बोचकी हातात घट्ट धरलेली. भिवराकडं द्यायची नाहीत म्हणून. भिवरानं काहिलीखाली जाळ घातला होता, पण काहिलीत नुसतं पाणी उकळत होतं.

"भिवरे," व्यंकटराव म्हणाले, "तुझ्यावर राग नाही कुणाचा. पण पोरीची खरूज बघतेस ना तू? आजपासून तू चौकीत राहा. शिधा पोचता होईल तुला."

"आप्पा, तितं त्येंची हद हाय."

"दिवसा येत नाहीत ते तिकडं."

"आन रातच्याला?"

व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या स्वतःच्या नातवाच्या डोक्यात फोड झाले होते आणि पोर चार रात्री झोपलं नव्हतं. सगळ्यांचीच पोरं झोपत नव्हती. गोदामात दिवा मालवला की कुठून तरी खर्र-खर्र सुरू व्हायचं आणि मग दीडशे माणसांची नखं चालायची. कुणी दळण घातल्यासारखा आवाज.

"पोरीला ताप हाय," भिवरा म्हणाली. "डाक्टर म्हनले, हलवू नगा."

"डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो," गोपिकाकाकू म्हणाल्या. "आमची पोरं रोज खाजवतात. तुला दुसरं काही सांगायचं असेल तर सांग बाई. नीट उकळत होतीस का? खरं सांग."

"उकळत व्हते."

"मग कुठून येते पुन्हा?"

भिवरानं मान वर केली. तिनं फक्त एकदाच, एका माणसाकडं पाहिलं. आत्याबाई गर्दीच्या मागं खांबाला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, ती मदत मागते आहे. थोरल्या बाईंनी एक शब्द टाकावा म्हणते आहे. आत्याबाईंनी डोळे खाली वळवले. भिवराही मग मातीकडं बघू लागली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

"मग झालं तर," व्यंकटराव उठले. "बोचकं बांध."

बोलायचं तर मला आत्ताच बोलायला हवं होतं, आणि माझं तोंड बांधलेलं होतं. नेम मोडला आणि हद्दीवर यांना काही झालं तर, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. आज कुणी हसेल. तेव्हा तो विचार मला हातातल्या बांगडीइतका खरा होता. मी नेहमीसारखी वळले, बांबूपाशी गेले, काठीनं धाबळी खाली घेतली. माझ्या पाळीचंच काम होतं, कुणी बघितलंही नाही. पण ती अंगाला गुंडाळायच्या ऐवजी मी काठीवर तशीच टांगून धरली आणि अंगणात उतरले.

"सुभद्रे, तिकडं कुठं?" मागून गोपिकाकाकूंचा आवाज आला.

माणसं बाजूला झाली. सोवळ्याला धक्का लागू नये म्हणून पटापट सरकली. त्यामुळं वाट मोकळी मिळाली. मी काय करणार हे भिवराला आधी कळलं. ती आडवी आली.

"न्हाई, धाकल्या बाई. ही न्हाई. ही नगा टाकू."

मी तिला वळसा घातला आणि धाबळी काहिलीत सोडली. ती लगेच बुडेना. पांढरी फुगून पाण्यावर बसली, तांबडी रेघ तेवढी वर. मी भिवराच्या ढवळणीनं ती खाली दाबली आणि दाबून धरली. वाफेला लोकरीचा वास आला, ओल्या मेंढरासारखा.

मग गोपिकाकाकू म्हणाल्या, "वेड लागलंय पोरीला. आता रांधायचं कशात? ह्या एवढ्या माणसांनी जेवायचं काय?"

"सूनबाई," व्यंकटराव माझ्यापुढं येऊन उभे राहिले, "काय केलंत हे? बोला ना."

मी माझा हात पुढं केला आणि बोटं फाकवली. मग गोपिकाकाकूंच्या हाताकडं बोट केलं, बाकीच्या तिघींच्या हातांकडं, आणि मग काहिलीकडं. त्यांना काही उमगलं नाही. पुन्हा तेच केलं. घशात शब्द येऊन थांबला होता. तो गिळायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

"ती काय म्हणते ते मी सांगते."

आत्याबाई पुढं आल्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, माळ मुठीत.

"डॉक्टर म्हणाले ना, एक कापड राहतंय. ते हे कापड. आम्ही पाचजणी आळीपाळीनं नेसलो. म्हणून आमच्या हातांना आधी आली. आमच्याकडून आमच्या पोरांना आणि पोरांकडून सगळ्यांना. भिवराचा काही संबंध नाही. तिच्याकडं ही कधी गेलीच नाही."

"धाबळीत खरूज?" गोपिकाकाकूंना ते पटेना. "लोकरीला विटाळ नाही. तुम्हीच सांगितलंत आम्हाला, वहिनी."

"विटाळ नाहीच. पण किड्याला विटाळ कुठं कळतो?"

"बरं, मानलं. पण सोवळ्यातल्या वस्त्रात किडा शिरेल कुठून? तिला आमच्याशिवाय कुणाचा हात नाही लागला."

आत्याबाई तिथं थांबल्या असत्या तरी चाललं असतं. मी केलं त्याचा अर्थ सांगून झाला होता. व्यंकटरावांचा चेहरा सैलावत होता. पण त्यांनी माळ कमरेला खोचली आणि भिवराच्या पाठीवरच्या पोरीकडं बघत म्हणाल्या, "लागला. हिचा लागला."

मी ढवळणी धरून तशीच उभी राहिले.

"नदी उतरून आलो तेव्हा ही पोर निळी पडली होती. रडतही नव्हती. भिवराच्या अंगावर ओल्या चिंधीशिवाय काही नाही. माझ्या खांद्यावर धाबळी. मी पोरीला धाबळीत घेतलं, छातीशी. पुढं माळावर एका मेंढवाड्यात लपून दोन रात्री काढल्या, त्या दोन्ही रात्री ती माझ्याजवळ होती, धाबळीत. ही सुभद्रा तापानं निपचित पडलेली, तिला ह्यातलं काही माहीत नाही. त्या मेंढवाड्यात आमच्याआधी कोण निजलं होतं, पोरीची मला आली का माझी पोरीला, ते देवाला ठाऊक. छावणीचे दिवे दिसले तेव्हा मी पोर भिवराच्या हाती दिली. धाबळी झटकून खांद्यावर टाकली. आणि तिला म्हटलं, भिवरा, हे तुझ्यामाझ्यात."

गोपिकाकाकू आपल्या हातांकडं बघू लागल्या.

"म्हणजे आम्ही," गोपिकाकाकू सावकाश म्हणाल्या, "आम्ही ते नेसून..."

"हो. नेसलात. रांधलंत. सगळे जेवलात. कुणाच्या पोटात दुखलं नाही. हाताला तेवढी खाज सुटली."

"वहिनी," व्यंकटराव खालच्या आवाजात म्हणाले, "एवढं सांगायची गरज नव्हती."

"होती. निम्मं सांगितलं असतं तर तुम्ही तिला कोण शिवलं ते शोधत बसला असतात. शेवटी हिलाच धाडलं असतंत."

व्यंकटरावांनी काहिलीतल्या पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "भिवरे, सोड ते बोचकं." आणि गोदामात निघून गेले.

*

त्या दुपारी आत्याबाईंनी साधं उकळलेलं लुगडं नेसून भाकऱ्या थापल्या. मी पिठलं ढवळलं. पंक्तीला मराठ्यांची, धनगरांची, वाण्यांची घरं आली. काही जण जरा घुटमळून, पण आली. भूक होती. आमच्यातली चार घरं आली नाहीत. गोपिकाकाकूंनी दारामागं लेकरांना नुसते पोहे भिजवून दिले. पुढं महिनाभर त्यांनी वेगळी चूल मांडली.

तेव्हापासूनचं थोडक्यात सांगते. खरूज गेली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा सगळ्यांना मलम फासलं, आणि ह्या वेळी ती परतली नाही. भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आम्ही गावी परतलो. हे दसऱ्याला आले. दारात उभे राहून खाजवत होते. आत्याबाईंनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही, जानवंसुद्धा उकळायला घेतलं. गावात आमचं घर पुन्हा उभं राहिलं, पण आत्याबाईंना कुणी सवाष्णीच्या स्वयंपाकाला, श्राद्धाला रांधायला बोलावलं नाही. सोवळ्यात त्यांच्याइतकी काटेकोर बाई गावात दुसरी नव्हती. त्या गेल्या तोवर कुणी बोलावलं नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मी कधी तो विषय काढला नाही.

धाबळी काहिलीतून निघाली ती आटून अर्धी झालेली. घट्ट, जाड, घोंगडीच्या तुकड्यासारखी. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. "आता आपल्या कुणाच्या मापाची राहिली नाही," म्हणाल्या आणि वाळल्यावर, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातानं ठकीला तिच्यात गुंडाळलं. ठकीचा ताप उतरला. पण फोडांचे वण राहिले. तिच्या लग्नाच्या वेळी वराकडच्यांनी तळहात बघून विचारलं होतं, हे कशाचे? भिवरानं सांगितलं, पोळली होती लहानपणी.

मौन मात्र मी अजून धरते. ज्यांच्यासाठी धरलं होतं ते परत आले, म्हातारे झाले, गेले. सुना म्हणतात, आता पुरे करा. मी पाटीवर लिहून त्यांना सांगते, भात जरा मऊ ठेव.

त्या दुपारचं एवढंच राहिलं. मी माझी पत्रावळ घेऊन पंक्तीत बसले नाही. लिंबाखाली गेले. काहील उतरवून ठेवली होती, चुलीत राख गरम होती, भिवरा तिच्या कडेला ठकीला शेकवत बसली होती. मी तिच्यासमोर बसून जेवले. शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले.

"भिवरा," मी म्हटलं. सकाळपासूनचा तो माझा पहिला शब्द. "तू का बोलली नाहीस? सकाळी एवढं सगळं झालं. तुला चौकीत धाडत होते. पोरीचं काही बरं-वाईट झालं असतं. एक वाक्य सांगितलं असतंस तरी सुटली असतीस."

तिनं राखेत काडी फिरवली.

"थोरल्या बाईंनी शबूद घेतला व्हता."

"म्हणून काय झालं? जिवावर बेतलं होतं."

"आता तुमचा बी नेम हाय न्हवं, धाकल्या बाई. सकाळी तुमी बी बोलला न्हाई." तिनं मला दोष दिला नव्हता, भाकरी करपली असं सांगावं तसं म्हणाली. "पर तुमाला म्हाईत असतंय, जेवणापतूर. जेवण झालं का बोलाया मोकळ्या. मला थोरल्या बाईंनी कवापतूर गप ऱ्हायाचं त्ये सांगितलंच न्हवतं."

ठकीनं झोपेत हात झाडला. भिवरानं तो मुठीत धरून ठेवला, खाजवू नये म्हणून.

मला काही बोलायला सुचलं नाही. माझं मौन तर सुटलं होतं.